शेटे सरांच्या चार खिडक्या

नवी वस्तू घ्यायला गेले की शेटे सर दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचे, "हे मोडतंय कुठं?" किंमत नंतर, रंग त्याहून नंतर. राजारामपुरीतल्या एका मिक्सरवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "सर, आमचा माल मोडत न्हाय." त्यावर सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून नीट बघितलेला न्हाय," आणि चक्क दुकानातून बाहेर पडले. मिक्सर होता आमच्या विभागातल्या क्लार्कच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचा, आणि लग्न दुसऱ्याच दिवशी. शेवटी मी एकटी परत जाऊन, दुकानदाराची समजूत काढून, तोच मिक्सर घेऊन आले. पुढं बऱ्याच वर्षांनी क्लार्क म्हणाला की मिक्सर अजून झकास चालतो. मी हे मुद्दाम सरांच्या कानावर घातलं. "चालू दे की," ते म्हणाले. "मोडल्यावर कळवायला सांगा, कुठं मोडला ते."

अशा माणसाच्या टेबलाला टेबल लावून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. सर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आले. शिवानंद शेटे, मूळचे हुपरीचे. बुटके, रुंद खांद्यांचे, कपाळावर विभूती, शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग. आवाज असा की ते स्टाफरूममध्ये फोनवर बोलायला लागले की प्राचार्यांच्या केबिनचं दार लागायचं. हळू बोला म्हटलं तर चकित होऊन म्हणायचे, "हळूच बोलतोय की."

त्यांचा दोष नव्हता. हुपरीला घरोघरी चांदीचे पैंजण बनतात, आणि शेट्यांच्या घरात पुढची खोली म्हणजे कारखानाच होता. एका बाजूला ठोकाठोकी, दुसरीकडं डाग लावायच्या, म्हणजे चांदीचे सांधे जोडायच्या भात्याचा सूं आवाज, आई स्वयंपाकघरातून कानडीत ओरडणार, थोरला भाऊ दारातल्या व्यापाऱ्याशी मराठीत भांडणार, आणि या सगळ्यावर रेडिओ. "पण मॅडम, कुणाचं काय चाललंय ते प्रत्येकाला कळत होतं," सर सांगायचे. "आई कुणाला शिव्या घालतीया ते मला अभ्यास करता करता समजायचं." स्टाफरूममध्ये आम्ही तिघी-चौघी एकदम बोलत असलो तरी त्यांना सगळं ऐकू यायचं आणि ते पेपर तपासता तपासता सगळ्यांना उत्तरं द्यायचे. सुरुवातीला मला याचा संताप यायचा.

त्यांचं आयुष्यभराचं काम याच गोष्टीवर होतं. मोबाईल फोन आपल्याकडं नुकते येत होते. तेव्हाची सरधोपट पद्धत अशी की बोलणाऱ्या प्रत्येकाला हवेतली आपापली वेगळी जागा द्यायची, म्हणजे एकाचं दुसऱ्यात मिसळणार नाही. सरांचं म्हणणं, जागा आहे तेवढीच राहणार आणि माणसं वाढणार. तर मग एकाच जागेत दोघा-तिघांना बोलू द्यावं आणि ऐकणाऱ्यानं ते सुटं करावं. "मिसळू दे की. मिसळायला काय हरकत न्हाय. सुटं करता आलं पाहिजे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. त्यासाठी कुणी कसे संकेत पाठवायचे, याचं जे कोष्टक लागतं, त्याला कोडबुक म्हणतात. ते तयार करणं हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता.

आता हे मुलांना शिकवणार कसं? त्यासाठी सरांनी एक खेळ काढला होता. आमच्या वर्गाला व्हरांड्याकडच्या बाजूला चार खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीत एक मुलगा उभा करायचा. सहा जणांना बाहेर व्हरांड्यात पाठवायचं. त्या सहांनी आत बसलेल्या एकाला एकाच वेळी निरोप द्यायचा, पण प्रत्येकाला दोनच खिडक्या वापरायची मुभा, आणि कुणाही दोघांची खिडक्यांची जोडी सारखी नाही. म्हणजे एकेका खिडकीवर तिघं एकदम बोलणार. बोलणं आकड्यांत. हातातल्या कार्डावर लिहिलेलं असायचं, 'ये' म्हणायचं असेल तर या खिडकीत हा आकडा आणि त्या खिडकीत तो, 'नको' म्हणायचं असेल तर दुसरे दोन. खिडकीतला मुलगा फक्त तिघांच्या आकड्यांची बेरीज फळ्यावर लिहायचा. आत बसलेल्याकडं सहाही कार्डांच्या नकला आणि समोर चार बेरजा. तेवढ्यावरून त्यानं सहाजणांचे निरोप ओळखायचे.

आणि ओळखता यायचे. वर्गात दरवर्षी एकच कल्ला व्हायचा. शेजारच्या वर्गावर शिकवणारे तक्रार घेऊन यायचे आणि दारात उभे राहून स्वतःच बघत बसायचे. खरं कौशल्य त्या कार्डांवरच्या आकड्यांत होतं. आकडे असे निवडायला हवेत की दोन वेगळ्या निरोपांच्या बेरजा चुकूनही सारख्या येऊ नयेत. जवळजवळसुद्धा येऊ नयेत, कारण हवेत खरखर असते आणि आकडा थोडा हलतोच. वर्गात चार खिडक्या आणि सहा माणसं होती, प्रबंधात दोन्ही पुष्कळ जास्त. एक आकडा हलवावा तर दुसरीकडं दोन बेरजा एकमेकींना चिकटायच्या. सर मोठ्या आलेखाच्या कागदावर रंगीत ठिपके काढत बसायचे, आणि डबा खाताना भाजीचे डाग त्यावर पडायचे. एकदा मी विचारलं की यातला ठिपका कुठला आणि डाग कुठला. त्यांनी खरंच कागद डोळ्यांशी धरून तपासला.

चूक या गोष्टीशी त्यांचं काहीतरी जन्माचं वैर होतं. एकदा त्यांना आपल्या जुन्या नोट्समध्ये एका समीकरणात वजाचं चिन्ह राहिलेलं सापडलं. चालू वर्गाला सांगून भागलं असतं. पण त्यांनी आधीच्या वर्षी पास होऊन गेलेल्या मुलांना गाठायला सुरुवात केली. शिरोली एमआयडीसीत एक मुलगा फाउंड्रीत लागला होता, तिथं ते स्कूटर काढून गेले. मी त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या मागं बसले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मुलगा काळ्या वाळूनं माखलेला, धावत आला, त्याला वाटलं घरी काही झालं. सरांनी त्याला समीकरण सांगितलं. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "सर, मी हितं लोखंड वततोय. त्या मायनसचा मला काय उपेग?"

"तुला नसंल," सर म्हणाले. "मी चुकीचं सांगितलेलं ना? मग सांगून जातो."

परत येताना मी त्यांना भरपूर ऐकवलं. माझा स्वभाव असा की मला पोटात ठेवता येत नाही. म्हटलं, तुम्हाला माणसांपेक्षा चिन्हं मोठी वाटतात. त्यांनी गाडी खड्ड्यांतून दणादण हाणली.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे सरांचे थोरले भाऊ, व्यापाऱ्याशी भांडणारे ते. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून भात्यापाशी अण्णा बसले, म्हणून सर शिकू शकले. हे अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही, सर मात्र दर दोन दिवसांनी बोलायचे. गुजरीतल्या सराफांना माल पोचवायला कोल्हापूरला आले की अण्णा हटकून कॉलेजात यायचे. पांढरी टोपी, धोतर, काखेत पिशवी. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि भावाकडं नुसतं बघायचे. सरांना ते 'तम्मा' म्हणायचे, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, आणि वयानं मी लहान असूनही मला 'अक्का'.

"अक्का, ह्यो नेमकं करतोय काय?" त्यांनी मला एकदा हळूच विचारलं. मी त्यांना चार खिडक्या सांगितल्या, सहा माणसं सांगितली. अण्णांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी आमच्या घरातला दंगा कागदावर मांडतोय," ते म्हणाले. "त्याला एवढी वरसं लागत्यात व्हय?" पण हे म्हणताना चेहऱ्यावरचा अभिमान काही लपत नव्हता. त्यांच्या लेखी शेट्यांच्या घरात डॉक्टर होणार होता. त्यासाठी त्यांची किती वर्षं भात्याच्या धुरात गेली होती ते त्यांच्या डोळ्यांकडं बघून कळायचं.

वर्षं लागली ती आणखी एका कारणानं. आकड्यांची तपासणी संगणकावर करायची, आणि विभागातला संगणक म्हातारा. त्यात भारनियमन. दिवसातून दोनदा वीज जायची, कधी वेळापत्रकाप्रमाणे, कधी तिच्या मनाप्रमाणे. वीज गेली की चाललेला हिशेब गेला. मग सरांनी सगळी तपासणी लहान लहान तुकड्यांत कापली. वीज आहे तोवर एक तुकडा चालवायचा, त्याचं उत्तर साठवायचं, वीज आली की पुढचा तुकडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळा विभाग ओस पडलेला असताना ते एकटे घामाघूम होऊन बसायचे. पंखा थांबला की टॉवेलनं वारा घ्यायचे आणि वीज यायची वाट बघायचे. अशी महिनेच्या महिने तपासणी चालली आणि शेवटी सगळे तुकडे जोडून झाले. प्रबंध लिहिला गेला. त्याचं मुख्य म्हणणं एका ओळीचं होतं, या कोडबुकात कोणतेही दोन निरोप एकमेकांत अडकणार नाहीत. परीक्षकांचे अभिप्राय चांगले आले. तोंडी परीक्षेची तारीख पडली.

आणि अण्णांनी सत्कार ठरवला.

तो ठरवला तोंडी परीक्षेच्या आधीच्या रविवारी. का, तर मोठ्या पाहुण्यांची तीच तारीख मिळाली. आमच्याकडं सत्कारमूर्तीपेक्षा पाहुण्यांची तारीख महत्त्वाची असते, हे काही मी कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. परीक्षा काय, ती होणारच. हुपरीच्या चौकात फ्लेक्स लागला. 'हुपरीची शान, डॉ. शिवानंद शेटे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो रांगेनं. फ्लेक्सवाल्या पोरानं 'डॉ.' वाचलं आणि आपल्या डोक्यानं सरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालून दिला. सर फ्लेक्स बघायला गेले तेव्हा एका म्हातारीनं त्यांना थांबवून गुडघा दाखवला. हे त्यांनी स्टाफरूममध्ये स्वतः सांगितलं आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यांना इतकं मोकळं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

कारण त्याच आठवड्यात तो खेळ फसला. तोंडी परीक्षेत दाखवायचा म्हणून सरांनी या वेळी खऱ्या कोडबुकाचा एक कोपरा घेतला होता, दशांशासकट. मुलं खिडक्यांत उभी राहिली, बाहेरून सहाजणांनी आकडे दिले, बेरजा फळ्यावर आल्या. आत शेवटच्या वर्षाची एक मुलगी बसली होती. ती बराच वेळ कागदाशी झटत राहिली आणि म्हणाली, "सर, दोन उत्तरं येतात." सर आधी तिच्यावर खेकसले. मग स्वतः खाली बसले. मी मागच्या बाकावर होते. तिथून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती हळूहळू वाकत गेली. पहिला, दुसरा आणि चौथा, या तिघांचे निरोप एकदम उलटे केले तरी चारही बेरजा त्याच येत होत्या. सुटं करताच येत नव्हतं.

चूक कुठून आली ते त्यांनी दोन दिवसांत शोधलं. वीज गेल्यावर एकदा तुकडा पुन्हा सुरू करताना त्यांनी आधीचाच तुकडा परत चालवला होता, आणि त्याच्या पुढचा कधी चाललाच नव्हता. जोडताना तुकडे मोजून बरोबर भरले, म्हणून कळलं नाही. तो न तपासलेला तुकडा असा मध्येच होता, आणि त्यातला दोष काढायला जावं तर सगळं कोष्टक उसवायला लागणार होतं.

गाईड दुसऱ्या गावचे, मोठे मनुष्य. त्यांनी फोनवर जे सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांची उत्तरं सगळ्या मजल्याला ऐकू आली. "व्हय सर, लाखांत एखाद्या वेळीच होईल. व्हय, नॉइजनं ह्याच्यापेक्षा जास्त चुका होत्यात, मान्य हाय. पण नॉइज माझा न्हाय, सर. हे माझं हाय." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "प्रबंधात मी लिहिलंय की अडकणार न्हाय. अडकतंय."

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा, सुमित्रावहिनींचा मला फोन आला. "मॅडम, तुमचं ऐकलं तर ऐकतील. अण्णांनी चारशे पानांचं जेवण सांगितलंय हो." मी दुसऱ्या दिवशी सरांना धरलं आणि माझ्याकडचा सगळा दारूगोळा वापरला. परीक्षकांना दिसलं नाही, म्हटलं. पदवी घ्या आणि मग दुरुस्ती छापा, सगळे तसंच करतात. नवीन नियम येतायत, डॉक्टरेट नसेल तर तुमच्या हातून शिकलेला पोरगा तुमचा विभागप्रमुख होऊन बसेल. आणि हे सगळं राहू दे, अण्णांचा तरी विचार करा.

"त्यांचाच करतोय," सर म्हणाले. "मॅडम, अण्णानं आयुष्यात एक पैंजण कच्च्या डागाचा दिला न्हाय. आणि मी त्याच्या जिवावर हे देऊ?"

मी म्हटलं, पैंजण पायात घालतात, तुटला तर दिसतो. तुमचं कोडबुक कोण पायात घालणार आहे? त्यांना ते लागलं. मला आजही वाटतं की माझा मुद्दा बरोबर होता.

सत्कार तरी रद्द करा म्हणून सर हुपरीला गेले. अण्णांना चूक म्हणजे काय तेच समजेना. "पाहुणं ठरल्यात, आचारी ठरलाय," ते म्हणाले. "तू फकस्त ये. फेटा बांधून घे आणि बस. बोलू नगोस." सर कबूल झाले. निदान अण्णांना तसं वाटलं.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत अण्णा नव्या धोतरात, मांड्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. सरांच्या डोक्यावर गुलाबी फेटा, आणि त्याखाली चेहरा असा की कुणी आजारी माणसाला नटवलंय. हार झाले, शाल झाली. मग सूत्रसंचालकानं दोन शब्द बोलायला सरांचं नाव पुकारलं. सर माईकपाशी गेले, आणि तो आवाज, जो कधी हळू व्हायचा नाही, तो मागच्या रांगेपर्यंत पोचेना.

"मंडळी, जेवून जावा," ते म्हणाले. "पण मी डॉक्टर न्हाय. पुढच्या आठवड्यात झालो असतो. माझ्या कामात चूक घावलीय. ती असताना मी ती पदवी घेणार न्हाय. हेच सांगायचं होतं."

मग पाहुण्यांनी आपला माईक ओढला आणि ते म्हणाले, "हा विनय बघा! एवढा मोठा डॉक्टर आणि हा विनय!" सगळ्या हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. बायकांच्या बाजूनंही केला. मीसुद्धा मनात म्हटलं, सुटलो. चला, बसा आता, सर.

ते बसले नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले. "विनय न्हाय साहेब," ते म्हणाले. आता आवाज लागला होता. "खरंच न्हाय मी डॉक्टर." त्यांनी फेटा काढला, घडी मोडू न देता टेबलावर ठेवला आणि खाली उतरले.

अण्णा उठले. मला वाटलं ते भावाकडं जातील. ते सरळ मागच्या दारानं जेवणाच्या मांडवात गेले, बादली उचलली आणि वाढायला लागले. शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत होते. कुणी काही विचारलं तर, "बुंदी घ्या की," एवढंच. सर समोर येऊन पानावर बसले तेव्हा अण्णांनी त्यांनाही वाढलं. बघितलं मात्र नाही.

त्यानंतर अण्णा सरांशी बोलले नाहीत. गुजरीला यायचे, पण कॉलेजकडं फिरकायचे नाहीत. सणावाराला सर हुपरीला जायचे, तेव्हा अण्णा कारखान्यात भात्यापुढं पाठ करून बसायचे. चौकातला फ्लेक्स अण्णांनीच काढून आणला आणि पावसाची झड येते म्हणून मागच्या पडवीला बांधला. सर सांगत होते, "जेवताना मीच माझ्याकडं बघतोय, मॅडम, उलटा."

नवे नियम आले आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. त्यांच्या हातून शिकलेला मुलगा आमचा विभागप्रमुख झाला. तो त्यांना बघून उठून उभा राहायचा, त्याचा सरांना त्रास व्हायचा. गाईडनी हात झटकले, नोंदणी संपली. सर मात्र कोष्टक उसवून परत विणत राहिले, कुणी मागितलेलं नसताना. खिडक्यांचा खेळ त्यांनी बंद केला. मुलांनी मागितला तर म्हणायचे, "पुस्तकात बघा." माझी त्या काळात त्यांच्याशी दोनदा कडाक्याची भांडणं झाली, दोन्ही वेळा क्षुल्लक कारणावरून. खरं कारण असं की त्या माणसाला रोज शेजारी झिजताना बघणं मला सोसत नव्हतं. एके दिवशी ते डबा उघडता उघडता म्हणाले, "झालं. आता अडकत न्हाय. सगळे तुकडे बघितले, फिरून दुसऱ्यांदाही बघितले." मी उडालेच. म्हटलं, मग द्या की कुठंतरी! "देतो, देतो," ते म्हणाले आणि जेवायला लागले. दिलं नाही. मी पुष्कळ मागं लागले, पण त्यांच्यातली देण्याची इच्छाच सरली होती.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. सर रजा काढून हुपरीला जायला लागले. एका रविवारी मीही गेले. अण्णा बाजेवर उशांना टेकून होते. एक बाजू गेलेली, तोंड वाकडं, शब्द सगळे एकमेकांत गुंतून बाहेर पडत होते. वाचेबरोबर मधली वर्षंही त्यांच्या आठवणीतून गेली होती, म्हणजे भावाशी धरलेला अबोलाही गेला होता. ते सरांशी सारखे बोलत होते. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, त्यांच्या बायकोलाही धड कळत नव्हता. सर पायाशी बसून तळवे चोळत होते आणि प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते.

मध्येच अण्णांनी काहीतरी विचारलं आणि सरांचा हात थांबला. अण्णांनी तेच परत विचारलं, चिडून, जोरात.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"निकाल लागला का म्हणतोय," सर म्हणाले. "डॉक्टर झालास का म्हणतोय."

काही बोलावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही. सरांनी बराच वेळ अण्णांच्या पायाकडं बघितलं. मग वर बघितलं आणि त्यांच्या त्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "व्हय अण्णा. झालो की."

अण्णांच्या धड बाजूचा सगळा चेहरा हलला. त्यांनी आणखी काही विचारलं. या वेळी मलाही थोडं उमगलं. मग मला सांगितलं का न्हाईस, असं ते विचारत होते.

"आत्ता सांगायलाच आलोय की," सर म्हणाले.

अण्णांनी चांगला हात आतल्या दिशेनं हलवला. त्यांच्या बायकोनं साखरेची वाटी आणली. अण्णांनी त्याच हातानं चिमूट उचलली, आणि सरांनी वाकून तोंड पुढं केलं. निम्मी साखर शर्टावर सांडली. उरलेली सरांनी खाल्ली.